चुनधोंड्याचं पलीकडचं तोंड

फार मागे, डोंगरात रस्ते नव्हते, नुसत्या पायवाटा होत्या, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी जवळ सरकून ऐकावी. मोठ्यांनी मान खाली घालून ऐकली तरी चालेल.

एका डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक. मधे खिंड. खिंडीत काळे धोंडे खंडीभर, पण माथ्यावरच्या एकाला चुना लावलेला असायचा, म्हणून त्याला चुनधोंडा म्हणत. भादव्यात धुकं उतरलं, की सगळे धोंडे सारखे दिसायचे, हा एक तेवढा ओळखू यायचा. चुनधोंडा दिसला की वळायचं. न वळता सरळ गेलं, तर पुढे कडा होता.

पलीकडची लेक अलीकडे नांदायला आली, की तिने धोंडा दोन्ही अंगांनी रंगवायचा, अशी रीत होती. सगुणा अशीच नांदायला आली होती. तिच्यामागून कितीतरी लेकी आल्या, पण कुणाचं मूल लहान, कुणाची कंबर दुखते. काम सगुणेच्या गळ्यात पडलं ते पडलंच. ती म्हातारी झाली तरी तेच.

बरं, नुसतं रंगवणं असतं तर ती कुरकुरली नसती. पण पोळ्याला बैल मिरवून झाले, की दोन्ही गावांचे गडी खिंडीकडे धावायचे. धोंड्याचं अलीकडचं तोंड आपलं आणि पलीकडचं त्यांचं, असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलं होतं. मग समोरच्या गावाच्या तोंडाला तेलात कालवलेली काजळी फासायची. जो आधी फासेल त्याचं गाव वरचढ. आता यात कसली आलीय मर्दुमकी? धोंडा काही पळून जात नव्हता.

या उद्योगाला नावं मात्र छान छान होती. तरणे म्हणत, “शोभा केली!” बाया पदराआड हसून म्हणत, “रंगवलं हो त्यांना.” पाटील म्हणे, “पोरं आहेत, चालायचंच.” चांगली वस्तू विद्रूप केली, असं कुणी म्हणत नसे. ते एकटी सगुणा म्हणायची, आणि तिचं ऐकतो कोण? दर पोळ्यानंतर ती राख आणि काथ्या घेऊन डोंगर चढायची, तेलकट काळं घासून घासून काढायची, मग चुना लावायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

त्या वर्षी पोळ्याच्या संध्याकाळी तिचा मुलगा म्हादू कोपरापर्यंत काळे हात घेऊन घरी आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

“आये, सासुरवाडीच्या तोंडाला काळं फासून आलो!”

म्हादूची बायको हौसा पलीकडच्या गावचीच. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती.

“आणि ते पुसायचं कुणी?” सगुणेने विचारलं.

“तू आहेस की.”

सगुणेला राग आला नाही. रागाला सुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

“मी नाही जायची या खेपेला,” ती म्हणाली. “थकले मी. गुडघे उचलत नाहीत आणि मनही उचलत नाही. असू दे तो तसाच.”

“असू दे की! त्यांचं तोंड आहे, आपल्या बापाचं काय जातंय?”

सगुणा खरंच गेली नाही. पोळा सरला. गौरी जवळ आल्या. हौसा बाळाला घेऊन भावासोबत गौरींच्या आधी येतेय, असा निरोप आला. नातवाला तिने अजून पाहिलंही नव्हतं. त्या दिवशी ती सकाळपासून गौरींच्या भिंतीला चुना देत होती आणि आपल्याशीच हसत होती.

दिवस कलला आणि धुकं उतरलं. आधी शिखर गेलं, मग खिंड गेली. सगुणेचा हात भिंतीवरच थांबला.

“म्हादू, हौसा कुठून येणार रे?”

“खिंडीतून. दुसरी वाट आहे का?”

“मग तिला धोंड्याचं कोणतं तोंड दिसणार? आपलं, का त्यांचं?”

म्हादूचा चेहरा खर्रकन उतरला. पलीकडून चढून येणाऱ्याला पलीकडचंच तोंड दिसणार. पलीकडचा बाजार करून दर वेळी तो त्याच वाटेने घरी यायचा, त्याच पांढऱ्या तोंडाकडे बघून वळायचा. ते ‘त्यांचं’ होतं, आणि घरची वाट दाखवत होतं त्याला!

चुन्याचं मडकं उचलून सगुणा निघाली. कुठले गुडघे आणि कुठलं काय! म्हादूने मडकं तिच्या हातातून घेतलं. दोघं खिंडीत पोचली तेव्हा धोंडा शेजारच्या धोंड्यांसारखाच काळाकुट्ट उभा होता. म्हादू गवताचे बोळे घेऊन जिवाच्या आकांताने घासू लागला. पण स्वतःच्या हाताने चोपडलेलं तेल ते. वर चुना टाकला की ओघळून खाली.

“हाक मारू का, आये?”

“नको रे बाबा. खिंडीत हाक भलतीकडून ऐकू येते. हाकेच्या मागे कड्याकडे जायची पोर. तू खाली जा, गाठ त्यांना.”

म्हादू धावला. पण खाली गुरांच्या वाटा फुटलेल्या होत्या, आणि धुक्यात चुकामूक व्हायची ती झालीच. बायको एका वाटेने वर चढत होती आणि तो दुसऱ्या वाटेने खाली शोधत होता.

सगुणा एकटी उरली. खालून बाळाचं रडणं ऐकू आलं. तिने धोंड्याकडे पाहिलं, मडक्यात उरलेल्या चुन्याकडे पाहिलं. “आता दुसरं काय करू बाई!” असं म्हणाली आणि मडकं स्वतःच्या डोक्यावर उपडं केलं. धोंड्याला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. चुना कपाळावरून डोळ्यांत उतरला. डोळ्यांची आग आग झाली. पण पुसायला हात खाली घेतले तर दिसणार कशी?

“दादा, तो बघ चुनधोंडा,” धुक्यातून हौसा म्हणाली. “इथून वळायचं.”

ती जवळ आली आणि किंचाळली. “आत्याबाई! तुम्ही?”

“पोर कुठंय?” सगुणेने विचारलं. “दे माझ्याकडे.”

तिने नातवाला घेतलं, छातीशी धरलं. तो कसा दिसतो ते मात्र तिला कधीच कळलं नाही. वैद्याने पुष्कळ तूप घातलं, पण डोळे गेले ते गेले.

पुढच्या पोळ्याला काजळी कुणी कालवली नाही. अलीकडचे आणि पलीकडचे गडी धोंड्याशी जमले, पण चुना म्हादूने दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. पावसाने धुपलेलं घासलं त्यानेच, रंगवलं त्यानेच, दोन्ही अंगांनी. मग आईला हाताला धरून वर आणलं आणि तिचा हात धोंड्यावर ठेवला.

“आये,” तो रडत म्हणाला, “झाला गं पांढरा. तुला दाखवायला मात्र उशीर केला मी.”

“मला कशाला दाखवतोस?” सगुणा म्हणाली. “येणाऱ्याला दिसला म्हणजे झालं. चल, उतरू या. दमले मी.”

तात्पर्य: दुसऱ्याचं म्हणून जे आपण विद्रूप करतो, त्याचाच आधार घरी परतताना आपल्याला लागतो.