नारळ न आलेली घरे

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या सर्वांत हुशार शिष्यावर असे संतापले, की ओसरीवर बसलेले रुग्णसुद्धा उठून उभे राहिले. आणि का संतापू नये?

या शिष्याने हिवतापावर नवा काढा सिद्ध केला होता. रसशाळेत तो जिवाचे रान करून खपला, यात वादच नाही. रुग्णांकडे मात्र फिरकत नसे. आचार्यांनी कितीदा बोलावले, तरी "नाडी बघायला बाकीचे आहेत, माझे काम शोधाचे," म्हणून मोकळा होई. त्या गावात बरा झालेला माणूस वैद्यांच्या उंबऱ्यावर नारळ ठेवून जाई. काढा देऊ लागल्यापासून तिथे नारळांची रास लागली होती.

ती दाखवून शिष्य म्हणाला, "आणखी कसला पुरावा हवा, आचार्य? व्यापारी गाड्या घेऊन आला आहे. उद्या काढा गावोगाव जाऊ द्या."

आचार्य लालबुंद झाले. "पोत्यात भर ते नारळ! ज्या घरी काढा गेला पण जिथून नारळ आला नाही, तिथे एकेक ठेवून ये. ऊठ!"

शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी विद्या शिकलो ती हमाली करायला? व्यापाऱ्यासमोर शोभा झाली ती वेगळीच. पण गुरूची आज्ञा. पोते खांद्यावर मारून तो तणतणत निघाला.

पहिल्या घरचा माणूस ठणठणीत होता. "आज देऊ, उद्या देऊ म्हणता राहूनच गेलं हो," म्हणून हसला. बघा, मी म्हणत नव्हतो? असे पुटपुटत शिष्य कुंभाराच्या दारी गेला. नारळ पाहून कुंभारीण आधी गोंधळली, मग कडाडली.

"नारळ कसला देता? ताप गेला, पण पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. पोटात घास ठरत नाही. शेजारचा तर असाच पिवळा पडून गेला. कुणी विचारायला तरी आलं का?"

"काढा थांबवलात ना?"

"थांबवू कशाला? तुमचंच औषध ना! आज सकाळीही पाजलंय."

शिष्याने उरलेला काढा ओतून दिला आणि पोरीच्या उशाशी बसला. आपल्या औषधाचा रोगी तो प्रथमच जवळून पाहत होता.

तिन्हीसांजेला परतल्यावर त्याने सारे सांगितले. आचार्यांचा राग अजून उतरला नव्हता.

"बरे झालेले आपणहून येतात रे. बाकीच्यांकडे आपण जायचे असते. नुसता रसशाळेत बसणारा त्यांना कधी पाहत नाही. नुसता नाडी धरणारा पाहतो, पण 'दैव!' म्हणून गप्प बसतो. दोन्ही एकाच माणसाला यायला हवे, म्हणून तुला रोग्यांपाशी ओढत होतो. तुला तो अपमान वाटला!"

एवढ्यात व्यापाऱ्याने विचारले, "मग पहाटे गाड्या जुंपू ना?"

"नाही," शिष्य म्हणाला. "काढ्यात काय चुकले ते कळेपर्यंत एक थेंबही जाणार नाही."

"म्हणजे आता रसशाळेत बसणार?"

"आधी त्या पोरीकडे जातो," तो म्हणाला.

आपण मात्र हुशार मुलांना अजूनही विचारतो, 'डॉक्टर होणार की संशोधक?' हा प्रश्न एकदा त्या कुंभारणीच्या दारात उभे राहून विचारून पाहावा.