वारुळाचं दार

“दार रुंद करायचं म्हणजे करायचं!” मुंगळोबा पाटील ओरडला. “दरबारातून पोतंभर बाजरी मिळतेय, तीही फुकट! आपलं धान्य सगळं भिजलंय. पावसाळा कशावर काढणार आहेस, म्हातारे?”

“उपाशी काढीन, पण दाराला हात लावू देणार नाही!” ठमाआजी मुंगी उंबऱ्यात आडवी उभी राहून कडाडली.

जंगलात राजाचा दरबार भरायचा आणि तिथून अनुदानं वाटली जायची, तेव्हाची ही गोष्ट. पोतं समोरच ठेवलं होतं. बाजरीच्या वासानं सगळं वारूळ बाहेर आलं होतं, पोरं तर नाचत होती. अट एकच होती, तपासणी करणाऱ्या साहेबांचं तोंड आत जाईल एवढं दार हवं. आणि साहेब म्हणून आलं होतं खवल्या मांजर! त्याचं पोट मुंग्यांवरच भरतं हे साऱ्या जंगलाला ठाऊक, पण भरल्या पोत्यापुढं आठवतंय कुणाला?

“आजीबाई, गैरसमज नको,” साहेब गोड आवाजात म्हणाले. “दाणे नीट ठेवलेत का, एवढंच डोकावून बघणार. नियमच आहे तसा.” बोलता बोलता त्यांची लांबलचक जीभ बाहेर आली आणि ओठांवरून फिरून आत गेली.

“ऐकलंस? नियमच आहे! खणा रे पोरांनो!” पाटलानं हुकूम सोडला.

पोरं धावली. ठमाआजीनं पहिल्याच पोराच्या तोंडातला मातीचा खडा हिसकावला आणि पाटलाकडं वळून ती म्हणाली,

“खुशाल खणा, पण दार मोठं झाल्यावर ही बाजरी खायला आत कोण उरणार, तेवढं आधी या साहेबांना विचारून घ्या!”