ठकूबाय आणि शिकलेलं रानभात

पाय गोधडीत घ्या आधी. आणि बाबल्या, मध्ये बोललास तर गोष्ट तिथंच बंद. हं.

एकदा काय झालं, एका राज्यात भाताच्या खाचरांत रानभात शिरलं. रानभात म्हणजे तणच, पण मेलं कापणीच्या आधीच दाणे गाळून टाकतं. लोकांच्या हाती नुसता पेंढा. पोरं भुकेनं रडायला लागली.

मग राजानं हुकूम सोडला, "दिसेल ते रानभात उपटा." बाया खाचरात वाकल्या. रुंद पानाचं होतं ते उपटलं. काही वर्षांनी बघतात तर रानभाताचं पान बारीक, अगदी भातासारखं! मग बुंध्याशी तांबडं असेल ते उपटलं. काही वर्षांनी तो तांबडेपणाच गेला. लोक एकमेकांना विचारायला लागले, आपण बोलतो ते ह्याला ऐकू जातं की काय? बाया खाचरात बोलायच्याच बंद झाल्या, बरं का.

मग राजानं तिसरी युक्ती काढली. लांबून जांभळ्या पानांच्या भाताचं बियाणं आणलं. आता हिरवं दिसेल ते रानभात! पहिल्या वर्षी कणग्या भरल्या. पण मग शंभरात एक सुटलं, मग दहात एक, आणि एका वर्षी पाहतात तर रानभात जांभळं! अगंबाई, आता ओळखायचं कसं?

"चेटूक आहे. कुणीतरी शिकवतंय त्याला," लोक म्हणाले.

मग सापडली कोण, तर ठकूबाय. म्हातारी, आंधळी, एकटी राहायची. आणि हिच्याच खाचरात रानभाताचं एक रोप नाही! झालं. राजानं फर्मावलं, कडेलोट करा.

कापणीच्या थोडं आधी तिला हात बांधून कड्यावर नेली. दिसत नव्हतं, पण वारा खालून वर येत होता. त्यावरून तिला कळलं, आपण कुठं उभ्या आहोत. मागं सरायला बघत होती बिचारी. मला सांगतानासुद्धा कसंतरी होतं गं.

"म्हातारे, रानभाताला शिकवलं कुणी?" राजानं विचारलं.

"कुणी नाही रे, राजा. वेगळं दिसलं ते तुम्ही उपटलंत. भातासारखं दिसलं ते राहिलं, त्याचंच बी सांडलं, त्याचीच पोरं उगवली. त्यातलंही जास्त फसवेल तेच पुन्हा उरलं. शेजारच्या जांभळ्या भाताचा फुलोरा लागून एखादं पोर जांभळं निघालं, तर तेवढंच तुमच्या हातून सुटलं. मला आंधळीला रंग दिसतोय कुठं? मी बुंधा चाचपते. भाताचा गोल लागतो, रानभाताचा चपटा."

राजानं पिकत आलेली रोपं मागवली, तिचे हात सोडले. एकदा नाही, तीनदा बघितलं. ती चपटं म्हणून बाजूला काढी, ते झटकलं की दाणे झरझर गळत. राजानं खाली मान घातली.

पुढच्या वर्षी सगळ्या राज्यानं डोळे मिटून तण काढलं. राजासुद्धा चिखलात बसला. मग सगळे पोटभर जेवले. ठकूबायही खूप जगली, आणि आपल्या अंथरुणात सुखानं गेली.

काय रे बाबल्या? बोटांनाही फसवेल का? फसवेल की! गोल बुंध्याचं एखादं सुटेलच हातून. मग तेव्हाची माणसं आणखी काहीतरी शोधतील. पण कुणा म्हातारीला कड्यावर नेऊ नका म्हणजे झालं. झोपा आता.