पोलाच्या अंगावरचा टोगा

"गुरुजी, न्यायासनावर बसलेल्या माणसाला बहीण असते का?"

थिओन शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा सेर्व्हियस, रोमचा नवा न्यायाधीश. त्याच्या अंगावर जांभळ्या काठाचा पांढरा टोगा होता. अंगाभोवती गुंडाळायचं हे लांबलचक लोकरी वस्त्र म्हणजे रोमन नागरिकाची शान. थिओन परदेशी, ग्रीक. त्यांना ते घालायची मुभा नव्हती. पण सेर्व्हियस लहानपणापासून त्यांच्यापाशीच शिकलेला.

"आज कोणाचा निवाडा केलास?"

"पोलाचा."

पोला त्याची धाकटी बहीण. नवऱ्याने तिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवला होता.

"शिक्षा?"

"कायद्यात आहे तीच. कुलीन बाईचा पोशाख उतरवायचा, पुरुषाचा टोगा चढवायचा आणि घराबाहेर काढायचं. रस्त्यात लोकांनी व्यभिचारिणी म्हणून ओळखावं यासाठी. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, गुरुजी. सगळा चौक बघत होता."

"तुझ्या अंगावरही टोगाच आहे."

"कापड एकच. अर्थ घालणाऱ्यावर ठरतो. तुम्हीच शिकवलंत."

"मी..." थिओन थांबले. "तिच्यासाठी टोगा कुठून आणलास?"



"माझाच, जुना. मी वयात आलो तेव्हा वडिलांनी माझ्या अंगावर घातलेला. आयत्या वेळी दुसरा मिळेना."

"ती काही बोलली?"

"नाही... खांद्यावरची घडी तेवढी सारखी केली."



तेवढ्यात दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत ओले. तो प्रेतं वाहायचं काम करायचा.

"मालक, तुमच्या घरी गेलो होतो. त्यांनी इथं पाठवलं. नदीत, पुलाखाली एक बाई सापडली... तुमच्या घरची आहे म्हणतात."

तो माणूस उंबऱ्यातच थांबला.

"एक विचारायचं होतं. पुरुषांना आम्ही टोग्यातच चितेवर ठेवतो. तो मान असतो. या बाईच्या अंगावरचा काढायचा, की राहू द्यायचा? नियम काय, ते तुम्ही सांगाल असं घरी म्हणाले."

 

सेर्व्हियस स्वतःचा टोगा सोडू लागला. जांभळा काठ जमिनीवर लोळला.

"हा घाल तिला," तो म्हणाला. "हा..."

थिओन उठले. त्यांनी त्याचा हात धरला.

"कापड पुरे झालं, सेर्व्हियस. जा, तिचा चेहरा बघून ये."