पाण्याचा बांध

“माझ्या रानातलं पाणी, माझा बोअर... मग ग्रामपंचायतीला पट्टी कसली द्यायची, आबा?”

धोंडीरामनं दारातूनच विचारलं. गेनूआबा आमच्या गावचे पाणाडे, हातात काटकी धरून जमिनीखालचं पाणी सांगायचे. धोंडीराम त्यांचाच चेला. आता त्याच्या रानात तीन बोअर होते आणि स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. बोअरवाल्यांकडून पट्टी घ्यायची, त्यातून गावाचे नळ चालवायचे आणि डोंगरावर पाणी मुरवायला चर खणायचे, हे ठरायचं होतं. आबा ‘नको’ म्हणाले असते तर गावानं ऐकलं असतं. तेवढं एक ‘नको’ न्यायला धोंडीराम आला होता.

आबांनी कोपऱ्यातली काटकी उचलली.

मग म्हणाले, “पूर्वी नव्या विहिरीला पाणी लागलं की मालक आधी कुठं जायचा रे?”

“गावविहिरीचा गाळ काढायला.” त्याचा आवाज जरा उतरला.

खरंच, काय दिवस होते ते! मालक दिवसभर गावविहिरीत राबायचा, चिखलानं माखून वर यायचा, आणि बाया त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. कुणाला सांगावं लागत नसे. आठवलं की अजून जीव हळहळतो.

“गेले ते दिवस, आबा. आता ज्याचं त्याचं.”

आबांनी कडुलिंबाची काटकी त्याच्या हातात दिली.

“तुझं पाणी कुठं संपतं तेवढं बघून ये. तिथं पाण्याचा बांध, त्याच्या आतलं तुझं. उद्या सभेत मी तसंच सांगतो.”

धोंडीराम खुशीत निघाला. काटकी वळेल तिकडं पाऊल टाकायचं, हे आबांनीच शिकवलेलं.

त्याच्या रानाचा बांध आला. काटकी वळलेलीच. त्यानं शेजारच्या सुंदराबाईचं रान ओलांडलं, गावविहीर ओलांडली, ओढा ओलांडला, डोंगर चढला...

दिवस कलताना तो परतला. चपला हातात, टाचेला फोड.

“सापडला बांध?”

“नाही.”

तो पायरीवर टेकला. मग चिडूनच म्हणाला, “पण पट्टी मागणाऱ्यांना तरी कुठं सापडलाय?”

आबा हसले.

“नाहीच सापडला. म्हणून तर सगळ्यांसाठी मागतात.”