आप्पासाहेबांचा एकमुखी कारभार

“दोघी एकच काम करतात, मग एकीला घरी बसवा!” असं फर्मावून लोणचे कंपनीच्या आप्पासाहेब खर्डेकरांनी निम्म्या कामगार बायका काढल्या. भागधारक कुमुदताईंच्या जावेचीही नोकरी त्यात गेली. वार्षिक सभेला ताई धुमसतच आल्या.

अध्यक्षपदावरून आप्पासाहेब गरजले, “आमच्या संचालक मंडळाला कामगिरीचे पैकीच्या पैकी गुण! वर्षभरात माझ्या एकाही ठरावाला कुणी ‘नाही’ म्हटलं नाही.”

कुमुदताई ताडकन उठल्या. “म्हणजे तुम्हाला धरून हे अकराही जण एकच काम करतात की हो! मग तुमच्याच नियमानं दहांना घरी बसवा, आणि आमच्या बायका परत घ्या.”

बाकीचे दहाही संचालक खुर्च्या घट्ट धरून ओरडले, “बायकांना काढायला आमचा विरोध आहे!”

तोही एकमतानं. बायका सोमवारी कामावर आल्या.