सुटलं तर कुठे जाईल?

सागाच्या एका जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी एक साळू राहत असे. अंगावर काट्यांचा भारा आणि हातात कायम एखादं लाकूड, असा तिचा थाट. बिळातल्या पुढच्या खोलीत तिने छोटासा कारखाना थाटला होता. लाकूड दातांनी कुरतडून ती लाटणी, भोवरे, पाटांचे पाय असं काय काय घडवायची. जंगलातल्या निम्म्या घरांत तिच्याच लाटण्यांनी पोळ्या लाटल्या जात. (प्राणी पोळ्या लाटतात का, असं विचारू नका. या गोष्टीत लाटतात.) पण दातांकडून काम करून घ्यायलाही काही मर्यादा असते. साळूचे दात वाढत होते त्याहून जास्त झिजत होते. दात गेले की काम गेलं, आणि कामावाचून आपण जगायचं कसं, ही चिंता तिला आतून खात होती.

टेकडीच्या माथ्यावर माणसांची एक जुनी लाकडाची वखार होती. माणसं केव्हाच निघून गेली होती, मागे राहिला होता एक लोखंडी लेथ. त्यात लाकूड आडवं अडकवायचं आणि चाक फिरवायचं, की लाकूड गरगर फिरू लागतं. मग नुसती पटाशी टेकवायची, लाकूड आपोआप गोल तासलं जातं. साळूने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती दिवस मावळेपर्यंत चाकच फिरवत बसली. इथे फिरवलं की तिथे कसं फिरतं? हा पट्टा मध्ये कशाला? दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. असं करता करता तिच्या पायांनी माथ्यापासून थेट बिळाच्या दारापर्यंत एक खोलगट पायवाट पडली. शेवटी तिने ठरवलं, काही झालं तरी हा लेथ घरी आणायचाच.

मदतीला तिघे धावले. गव्याकडे ताकद होती. माकडाला गाठी मारायची कला येत होती. कोल्ह्याकडे यातलं काहीच नव्हतं, तोंड मात्र होतं, म्हणून तो मुकादम झाला. खरं सांगायचं तर त्याने एक काम चोख केलं. वेल घेऊन त्याने आधी लेथ मोजला, मग बिळाचं दार मोजलं आणि सांगितलं, "आडवा धरला तर आत जाईल. बाकी सगळा उतारच आहे. लेथ आपल्या पायाने घरी येतोय म्हणा ना."

कामाच्या दिवशी सकाळी नारळ मिळेना, म्हणून लेथपुढे बेलफळ फोडलं. सगळे प्रसाद खात होते, एवढ्यात माळावरची टिटवी उडत आली. या टिटवीला प्रश्न पडायचे, आणि पडले की ते तिच्या पोटात राहायचे नाहीत. ती लेथभोवती तुरुतुरु चालली, खाली वाकली, वर पाहिलं.

"साळूताई, याचं हे टोक जास्त जड आहे ना? मग ते पुढे ठेवणार की मागे?"

माकड बोटांना लागलेला बेलाचा गर चाटत राहिलं.

"गवेदादा, तुम्ही उताराच्या बाजूने याला धरणार म्हणे. मग तुम्हाला कोण धरणार?"

गवा नुसताच रवंथ करत राहिला.

"बरं, सुटलं तर कुठे जाईल?"

आता मात्र कोल्ह्याने कान टवकारले. "शुभ बोल गं बाई. आत्ताच बेल फोडलाय, आणि तुझ्या तोंडी हे?"

"तिचं काय मनावर घेता?" माकड म्हणालं. "रात्री पाय वर करून झोपते ती. आभाळ पडलंच तर झेलायला."

सगळे हसले. साळूही हसली. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "टिटवे, काम होईपर्यंत तू लांबच थांब, बाई. आजच्या दिवशी मला विघ्न नको."

टिटवीला वाईट वाटलं. आपण विघ्न कसं आणलं, तेच तिला कळेना. आपण तर नुसतं विचारलं होतं. पण वाईट वाटलं तरी प्रश्न काही जाईना, तो पायात मोडलेल्या काट्यासारखा सलत होता. सांगणारं कोणी नाही तर आपणच पाहावं, असं तिने ठरवलं. वखारीशेजारच्या बेलाखाली पुष्कळ फळं पडली होती, गोल आणि टणक. एक फळ तिने चोचीने ढकलत लेथपाशी आणलं आणि दिलं सोडून.

त्या वेळी साळू खाली बिळात लेथसाठी जागा करत होती. तिची पिल्लं गंमत पाहायला दारातच ओळीने बसली होती. बेलफळ उड्या मारत आलं, दोन पिल्लांच्या मधून आत घुसलं आणि त्याने भिंतीला टेकवलेली लाटणी धडाधड खाली पाडली. साळू धावत बाहेर येते तो दुसरं फळ आलं. त्यापाठोपाठ तिसरं. आणि मग टिटवी स्वतःच आली.

"साळूताई, तिसरं मी मुद्दाम लांब बाजूला सोडलं होतं, तरी ते इथेच आलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, नवल होतं. "कुठूनही सोडलं तरी घरंगळत पायवाटेत येतं, आणि पायवाट तर तुमच्या दारात येते."

तिच्यामागोमाग धावत उतरलेला कोल्हा संतापला. "केलाच ना अपशकुन? आता हिला आधी हाकलून द्या."

साळूने बेलफळाकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं. मग वर उतारावर, जिथे गवा उभा राहणार होता, त्या जागेकडे पाहिलं. तिच्या अंगावरचे काटे एकेक करून उभे राहिले.

"आता नुसतं बेलफळ होतं म्हणून बरं," ती हळूच म्हणाली. "टिटवे, इकडे ये. अजून काय काय दिसलं तुला, ते सांग."

मग सगळा बेतच बदलला. पिल्लांची रवानगी ओढ्यापलीकडे आत्याच्या घरी झाली. दारापुढे पालापाचोळा आणि ओल्या फांद्यांचा मोठा ढीग रचला. गव्याला खालून काढून वर उभं केलं, दोराचा सागाच्या जाड खोडाला वेढा दिला आणि दोराचं टोक गव्याकडे दिलं. लेथच्या उताराकडच्या बाजूला कोणीही थांबायचं नाही, असं साळूने बजावलं. कोल्हा कुरकुरला, "पडायचीच एवढी तयारी केलीय, तर आणायचा तरी कशाला?" पण यंत्र साळूचं होतं, तेव्हा तो गप्प बसला.

जाड फळीवर लेथ, फळीखाली गोल ओंडके, असं काम सुरू झालं. गवा दोर जरा जरा सोडी. लेथ ओंडक्यांवरून हळूच पुढे सरके. मागे सुटलेला ओंडका माकड उचलून बाजूने धावत जाई, पुढे ठेवी आणि लगेच दूर होई. टिटवी एका अंगाने उडत ओंडक्यांखाली डोकावत होती. अर्धा उतार सुखरूप पार पडला. तेवढ्यात एक ओंडका दगडाला अडून तिरका झाला, फळी कलली आणि लेथचं जड टोक एका बाजूला झुकू लागलं. माकडाने गाठ पक्कीच मारली होती, यात शंका नाही. फक्त ती फळीला मारली होती, लेथला नव्हे.

कोल्हा सर्वांत जवळ होता. बाळांनो, तो बढाईखोर असेल, पण मनाचा वाईट नव्हता. साळूचं यंत्र पडतंय हे दिसताच तो पुढे झेपावला आणि त्याने लेथला खांदा लावला. पडणारी वस्तू सावरायला अंग आपोआप पुढे जातं, तुमचंही जाईल.

साळूने वरून ते पाहिलं. त्या यंत्रात तिचे दात होते, तिचं काम होतं, पुढचं सगळं आयुष्य होतं. तरी ती जिवाच्या आकांताने ओरडली, "कोल्होबा, सोड! पडू दे त्याला!"

कोल्ह्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण मालकीणच सांगत होती. त्याने खांदा काढला आणि बाजूला उडी मारली. तो उभा होता तिथेच लेथ कोसळला. जमीन हादरली. मग लेथ पायवाटेने घसरत, उलटत खाली गेला आणि पाल्याच्या ढिगात खोल घुसून दाराच्या अलीकडेच थांबला. वर रिकामी फळी दोराला छान बांधलेली तशीच राहिली. "माझी गाठ काही सुटली नाही," माकड अगदी बारीक आवाजात म्हणालं.

सगळ्यांनी मिळून पाला उपसला. लेथची एक मूठ मोडली होती आणि चाकात काटक्या अडकल्या होत्या. साळूने त्या काढून चाकाला हात लावला. आधी ते हललं नाही, मग कुरकुरलं, मग फिरलं. साळू तिथेच बसली आणि रडू लागली. "मूठ काय, मी नवी करीन," ती हुंदके देत म्हणाली, "पण कोल्होबा, तुझा पाय मला करता आला नसता."

ते ऐकून कोल्हा परत वर उतारावर गेला. लेथ कोसळला तिथे जमिनीत खड्डा पडला होता. कोल्ह्याने त्यात हळूच पाय घातला, तो गुडघ्यापर्यंत आत गेला. मग कोल्हा खाली आला आणि टिटवीसमोर बसला.

"टिटवीबाई," तो म्हणाला, "आणखी काही विचारायचं असेल तर विचार."

टिटवीने बिळात डोकावून पाहिलं. "हा आत उभा राहणार कशावर? तुमची जमीन तर भुसभुशीत आहे."

सगळ्यांनी माना वाकवून बिळातली जमीन पाहिली. साळूने पंजाने ती उकरली, तर माती सहज निघाली. गवा उठला आणि सपाट दगड आणायला ओढ्याकडे चालू लागला.

तात्पर्य : जड वस्तू कुठे न्यायची ते सगळेच ठरवतात, ती सुटली तर कुठे जाईल, असं जो विचारतो त्याला अपशकुनी म्हणू नये. संकटाचा विचार करणं म्हणजे संकट ओढवून घेणं नव्हे.